चार पानं, सहा फोटो आणि २४०० शब्द

‘ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव खानापूर तालुक्यातलं, कॉलेज बेळगावात. पत्रकारिता विषयाला यंदा प्रोजेक्ट म्हणून वर्गाने मिळून ४८ पानांचं मासिक काढायचंय. ए-फोर आकार, मधोमध पिन. आमच्या गटाला खानापूरच्या कुंभारांवरचं फीचर मिळालंय, पान २१ ते २४. पुढे २५ पासून कविता आहेत. लेख माझ्या मैत्रिणीने लिहिलाय, २४०० शब्द. फोटो वर्गातल्या एका कन्नड मित्राने काढलेत, त्यातले सहा ठरवलेत, कुठल्यात काय दिसतं ते सोबतच्या यादीत लिहिलंय, लेखाचा नमुनाही जोडलाय. मी संपादक. कॅनव्हावर टेम्प्लेटं बघून डोळे दुखले, कुठलंही घेतलं तरी मजकूर बाहेर सांडतो. अक्षर बारीक केलं तर सर म्हणतात वाचता येत नाही. मैत्रीण एक ओळ कापू देत नाही. मित्र म्हणतो सगळे फोटो मोठे हवेत. आतली पानं काळी-पांढरी आहेत, फक्त चार रंगीत होणार, ती आमच्या गटाला देतो असं सर म्हणालेत. पण फीचरमध्ये कन्नडही हवं आणि प्राचार्यांचा फोटोही कुठंतरी बसव, असंही तेच म्हणालेत. सुरुवात कुठून करू? आणि सॉफ्टवेअर कुठलं चांगलं?
– नावापुरती संपादक, खानापूर तालुका’

नावापुरत्या संपादक बाई,

सॉफ्टवेअरचा प्रश्न तू शेवटी विचारलास, मीही त्याचं उत्तर शेवटीच देणार आहे आणि तेही थोडक्यात. तुझी अडचण कॅनव्हाची नाही. टेम्प्लेट म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं शिवलेलं पोलकं. ते ज्याने केलं त्याच्यासमोर मोजके इंग्रजी शब्द आणि एक झकास फोटो होता. तुझ्यासमोर मराठी लेख आहे, सहा फोटो आहेत आणि तीन माणसांचा हट्ट आहे. तेव्हा लॅपटॉप मीट आणि बारा कोरे कागद घेऊन बस.

कागद एकात एक घालून मधोमध दुमड. झालं तुमचं ४८ पानांचं मासिक, अर्ध्या आकारात. पेन्सिलीने १ पासून ४८ पर्यंत नंबर घाल. आता २१ वं पान उघड. ते उजवीकडे आलं, डावीकडे २० वर दुसऱ्याच गटाचं काहीतरी. पान उलट. २२ आणि २३ समोरासमोर. पुन्हा उलट. २४ डावीकडे, त्याच्या शेजारी कविता सुरू. म्हणजे तुला चार पानं मिळालीत खरी, पण वाचकाला ती तीन तुकड्यांत दिसणार, आणि त्यातल्या दोन तुकड्यांत शेजारी पाहुणा. तुझ्या मथळ्याच्या पानासमोर उद्या कुणाची फ्लेक्सच्या दुकानाची जाहिरात आली तर डोळा आधी तिकडे जाईल.

मासिक एकेका पानाने वाचलं जात नाही, उघडल्यावर दिसणाऱ्या जोडीने वाचलं जातं. पान लावणारी माणसं पहिला विचार तोच करतात: ही जोडी उघडल्यावर आधी काय दिसणार? ते ठरलं की बाकीचं त्याच्या मागोमाग ठरत जातं. म्हणून तुझं पहिलं काम पान लावायचं नाही, पानं बदलून घ्यायचं आहे. २१ ते २४ ऐवजी २२ ते २५ माग. मग तुला दोन अख्ख्या जोड्या मिळतात आणि मध्ये कुणी घुसत नाही.

आता त्या घडीतला सगळ्यात आतला कागद उपसून काढ. त्याच्यावर कुठले नंबर आहेत बघ. एका बाजूला २४ आणि २५, पाठीमागे २३ आणि २६. चार पानं रंगीत म्हणजे बहुतेक हाच एक कागद रंगीत छापायचा असा सरांचा किंवा प्रेसवाल्याचा हिशेब असणार. म्हणजे २१ ते २४ असा सलग रंग तुला मिळणारच नव्हता, २१ आणि २२ वेगळ्या कागदावर आहेत. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण प्रूफ हातात येईपर्यंत ते कुणाच्या लक्षातच येत नाही. मात्र प्रेसवाला मोठ्या कागदावर आठ-सोळा पानं एकदम मांडून (त्याला फॉर्म म्हणतात) छापणार असेल तर रंगीत पानांचा हिशेब बदलतो. त्याच्याकडे हीच डमी, म्हणजे दुमडलेलं हे कोरं मासिक, घेऊन जा आणि ‘रंग कुठल्या कुठल्या नंबरांना येतो, त्यावर गोल करून द्या’ म्हण. तोंडी उत्तर घेऊ नकोस.

आतला एकच कागद रंगीत आहे असं धरून चालू. तर २२ काळं-पांढरं, २३, २४, २५ रंगीत, आणि एक रंगीत पान, २६, तुझ्या फीचरबाहेर. ते कवितेवाल्यांना देऊन टाक. त्यांनी एक कविता २१ वर न्यायची आणि बदल्यात त्यांचा विभाग रंगीत पानाने सुरू होणार. कविता सुटी असते, ती कुठंही जाते. अशी देवाणघेवाण वर्गातल्या वर्गात करून मगच सरांकडे जायचं. ‘सर, आमचं ठरलंय’ असं म्हटलं की सर सहसा मोडता घालत नाहीत.

आणखी एक, कारण तू अगदी मध्ये आहेस. पिन मारल्यावर सगळे कागद दुमडतात तेव्हा आतले कागद बाहेरच्या अंगाला थोडे सरकतात. मग कटिंग होतं आणि आतल्या पानांचीच कड जास्त उडते. तुझी पानं सगळ्यात आत आहेत. म्हणून बाहेरचा समास १५ मिलीमीटरच्या खाली नको, आणि पान नंबर किंवा फोटोखालची ओळ कडेला चिकटवू नको. फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल तर कडेबाहेर ३ मिलीमीटर जास्तीचा सोड, नाहीतर पांढरी चीर राहते.

आता मैत्रिणीकडे वळू. ती कापू देत नाही म्हणतेस, पण तिला किती कापायचं ते तू सांगितलंस का? ‘थोडं कमी कर’ म्हटलं की लिहिणाऱ्याला राग येतो. आकडा सांगितला की माणूस हिशेबाला बसतो. तो आकडा असा काढ. ए-फोर पानावर सगळीकडून साधारण २० मिलीमीटर समास सोडला की मजकुराला १७० मिलीमीटर रुंदी उरते. मध्ये १० ची गल्ली ठेवून ८० चे दोन रकाने. अकरा पॉइंट अक्षर, दोन ओळींमध्ये सोळा पॉइंट. अशा रकान्यात एका ओळीत सरासरी सात मराठी शब्द बसतात, उंचीत ४५ ओळी. दोन रकान्यांचे झाले ६३०. परिच्छेद तुटतात तिथली रिकामी जागा वजा केली की पावणेसहाशे-सहाशे. हे माझ्या अंदाजाने. तुझ्या फाँटात एक परिच्छेद लावून ओळी मोजून बघ, थोडा फरक पडेल. म्हणजे तिचे २४०० शब्द बरोबर चार पानं भरतात. मथळा नाही, फोटो नाही, कन्नड नाही, श्वास घ्यायला जागा नाही. टेम्प्लेटातून मजकूर सांडत होता तो म्हणूनच.

तीन रकाने करून जास्त मावेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. रकाना पन्नासएक मिलीमीटरचा झाला की ओळीत चार-पाच शब्द येतात. आपले शब्द लांब, ‘कुंभारवाड्यातल्यांच्यासुद्धा’ असा एक शब्द आला की अख्खी ओळ गेली, आणि दोन्ही कडा सरळ करायला गेलं की मधल्या शब्दांत खिंडारं पडतात. रोजच्या पेपरात तसं चालवून घेतात, तिथं बातमी दुपारपर्यंत शिळी होते. मासिक घरात राहतं.

मी तुझ्या जागी असते तर जोड्या अशा मांडल्या असत्या. पहिली जोडी, २२ आणि २३. डावं पान काळं-पांढरं आहे ना, मग मथळा आणि मजकूर तिथंच. मजकुराला रंग लागत नाही. वरचा तिसरा हिस्सा मथळा, त्याखाली दोन-तीन ओळींचा इंट्रो, लिहिणारीचं आणि फोटो काढणाऱ्याचं नाव एकाच आकाराच्या अक्षरात. खाली दोन रकान्यांत लेख सुरू. त्याच पानावर एका रकान्याच्या रुंदीचा आव्याचा, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीचा फोटो, तू लिहिलंयस त्यात धूर आहे. धूर काळ्या-पांढऱ्यात रंगीतपेक्षा बरा दिसतो. उजवं पान रंगीत, त्यात वरचा दोन तृतीयांश भाग एकच फोटो: चाकावरचे हात. मासिक उघडणाऱ्याला पहिल्यांदा ते ओले लाल हात दिसू देत. मग नजर डावीकडे मथळ्याकडे जाते, आणि तिथून वाचायला लागते. फोटोखाली उरलेल्या तिसऱ्या हिश्शात लेख पुढे.

दुसरी जोडी, २४ आणि २५, म्हणजे पिनेची जोडी. सगळ्या मासिकात ही एकच जोडी अशी, की जिची दोन्ही पानं एकाच कागदावर आहेत. इथं फोटो डावीकडून उजवीकडे अख्खा टाकला तरी मधे ओळ जुळते. हाच प्रकार २२-२३ वर केलास तर दोन वेगळे कागद, छपाईत एक केसभर वर गेला की मडक्याची कड तुटलेली दिसणार. तर सुकायला मांडलेल्या माठांच्या रांगेचा आडवा फोटो इथं वरच्या अर्ध्या भागात, दोन्ही पानांवर. पिनेची रेघ नेमकी कुणाच्या चेहऱ्यावर येत नाही ना, तेवढं बघ. खालच्या अर्ध्यात २४ वर लेखाचा उरलेला भाग, २५ वर एका रकान्यात मडक्याला थापी, म्हणजे लाकडी फळी, मारणाऱ्या आजींचा फोटो आणि लेखाचा शेवट, दुसऱ्या रकान्यात कन्नड चौकट.

आजी फोटोत डावीकडे बघतायत असं तू लिहिलंयस, म्हणून त्यांना उजव्या पानावर बसवलं. माणूस पानाबाहेर बघत असेल तर वाचकही त्याच्याबरोबर बाहेर जातो. आणि ‘मग फोटो उलटा फिरवला तर?’ असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाक. आजींचा थापीचा हात बदलेल, चाक उलटं फिरेल, कुंभारवाड्यात कुणीतरी पहिल्या नजरेत पकडेल.

आता शब्द मोज. २२ वर तीनशेच्या आसपास, २३ वर दोनशेच्या आत, २४ वर पावणेतीनशे, २५ वर पन्नास-साठ. एकूण साधारण साडेआठशे. मैत्रिणीला हा आकडा सांग, डमी दाखव आणि कातरी तिच्याच हातात दे. तू कापलंस तर ते तिच्या जन्मभर लक्षात राहील. तिने कापलं तर लेख तिचाच राहतो.

कुठून कापायचं तेही सांगते, कारण तू लेखाचा नमुना जोडलायस. सुरुवातीचे दोन परिच्छेद ‘मानवी संस्कृतीच्या उदयापासून मातीशी असलेले अतूट नाते’ असे आहेत. ते कुठल्याही गावाच्या कुठल्याही कुंभारावर चालतील, म्हणून खानापूरच्या कुंभारावर चालत नाहीत. मग जिल्ह्याची माहिती, मग सरकारी योजना, आणि तिसऱ्या पानावर एक म्हातारा कुंभार म्हणतो की पाऊस पडायच्या आत आवा लागला नाही तर वर्ष गेलं म्हणून समजा. अगं, लेख तिथं सुरू होतो! खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला त्या एका वाक्यात सगळा धंदा कळतो: माती कधी काढायची, सुकवायला ऊन किती दिवस मिळतं, पणत्यांचा हंगाम येईपर्यंत हाताशी काय असतं. ते वाक्य पहिलं घ्या. मथळाही त्यातूनच काढा. ‘मातीशी नाते’, ‘मातीतली माणसं’, ‘कला मातीची’ असल्या मथळ्यांवर मी असते तर दंड लावला असता.

कापलेलं फुकट जात नाही. हे प्रोजेक्ट आहे, सरांना फाइल द्यायचीच असेल. अख्खा २४०० शब्दांचा लेख फाइलीत लावा, छापलेला मासिकात. मार्क दोन्हीला मिळतील.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फोटो मोठे हवेत, पण सगळे मोठे म्हणजे कुठलाच मोठा नाही. एका जोडीत एक राजा, बाकीचे त्याच्या निम्म्याहून लहान. सहापैकी चार मी वर वापरले. रस्त्याकडेच्या दुकानाचा फोटो गळाला, कारण तो मालाचा आहे, माणसाचा नाही. आणि तुमच्या अख्ख्या गटाने कुंभारासोबत काढलेला फोटो, त्यात कुंभार मध्ये अवघडून उभा आहे असं तूच लिहिलंयस. तो संपादक मंडळाच्या पानावर टाका, हवं तर.

मित्राकडून फोटो मात्र मूळ फाइलीच घे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आला की तो पिळून येतो, मोबाइलवर छान दिसतो आणि छपाईत फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा. हिशेब सोपा आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. ८० मिलीमीटरचा रकाना म्हणजे सव्वातीन इंचांच्या आत, त्याला साडेनऊशे पिक्सेल पुरतात. पानभर रुंदीला अडीच हजार. पण मधल्या जोडीवरचा फोटो ४२० मिलीमीटर, म्हणजे साडेसोळा इंच. त्याला पाच हजाराच्या जवळ लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा मूळ फोटो ४००० पिक्सेलचा असतो, तो इंचाला अडीचशेच्या आसपास जातो, चालून जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चालणार नाही.

फोटोखालच्या ओळी शेवटच्या रात्री लिहायच्या म्हणून ठेवू नका. लेख न वाचणारेही त्या ओळी वाचतात. ‘मडकी बनवताना कुंभार’ हे डोळ्यांना दिसतंच आहे, ते लिहून काय मिळालं? नाव लिहा, गल्ली लिहा, हातात काय आहे ते लिहा, आणि दिसत नाही असं एक काहीतरी: थापी मारताना आतून लावलेला दगडी गोटा, किंवा ते माठ किती उन्हं खाल्ल्यावर आव्यात जातात. एकदा जाऊन नावं विचारून या. आजींचं नाव तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, हे तुझ्या पत्रावरून मला कळलंय.

अक्षरांबद्दल. पानावर दोनच फाँट, त्यातला एक तरी दोन्ही लिप्यांत मिळणारा. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींचा ‘अनेक’ हा फाँट देवनागरीतही आहे, कन्नडमध्येही आहे आणि फुकट मिळतो. मथळे आणि कन्नड चौकट त्यात घे, म्हणजे दोन लिप्या एकाच घरातल्या वाटतील. मजकुराला त्यांचाच ‘मुक्ता’ चालेल. कन्नड अक्षरं गोल आणि रुंद, शिवाय खाली जोडाक्षरं लोंबतात, तेव्हा त्या चौकटीत ओळींमधली जागा थोडी जास्त सोड. फाँट ठरवायच्या आधी एक ओळ टाइप करून छापून बघ: ‘दुसऱ्या, बिचाऱ्या, तऱ्हा, शाळा, लष्कर’. दुसऱ्याचा र नीट आला नाही, किंवा ल आणि श हिंदी वळणाचे आले, तर आधी भाषा मराठी निवडून बघ; काही फाँटांत मराठी वळण तेव्हाच येतं. तरी नाही आलं तर फाँट बदल. मजकुराचा रंग फक्त काळा ठेव, चार रंग मिसळून केलेला काळा नको. छपाईत किंचित हललं की अक्षरांना रंगीत सावली येते. रंगीत पान मिळालं म्हणून मथळा लाल, उपमथळा निळा, चौकट पिवळी असंही नको. लाल मातीचा रंग फोटोतच एवढा आहे की तो पुरे.

कन्नडबद्दल सरांचं म्हणणं मला पटलं. त्यांचं कारण वेगळं असेल, माझं असं: त्या कुंभारवाड्यातली पोरं कुठल्या शाळेत जातात ते एकदा विचार. घरात मराठी आणि शाळेत कन्नड, किंवा उलटं, हे आपल्याकडे काही नवीन नाही. आपल्या आजीचा फोटो छापून आला आणि खाली काय लिहिलंय ते नातवाला वाचता येईना, असं व्हायला नको. पण अख्ख्या लेखाचं भाषांतर करायला जागा नाही आणि गरजही नाही. नव्वद-शंभर शब्दांची एक चौकट, तुझ्या कन्नड मित्राने स्वतः लिहिलेली, त्याच्या नावासह. मशीनकडून भाषांतर करून घेऊ नका. आणि लेखाचा सारांशही नको, तो कुणीच वाचत नाही. त्याला जे दिसलं ते लिहू दे: तो फोटो काढत होता, तुम्ही बोलत होतात, त्याने काहीतरी वेगळं बघितलं असेल. माहितीच्या दोन गोष्टीही तिथंच जाऊ शकतात. खानापूर मलप्रभेच्या काठी आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था तिथंच आहे, वगैरे. मैत्रिणीच्या लेखातून तेवढा भार कमी होईल. प्रूफ मात्र कन्नड वाचता येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, स्वतःचं लिहिलेलं स्वतःला चुकलेलं दिसत नाही.

कुंभार अर्धं कन्नड बोलले असतील तर त्यांची ती वाक्यं तशीच ठेवा, देवनागरीत, आणि पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ कळेल असं लिहा. बेळगावच्या वाचकाला एवढं कन्नड झेपतं.

डोळा तयार करायचा असेल तर इंटरनेटवरच्या परदेशी मासिकांआधी आपली जुनी मासिकं आणि दिवाळी अंक चाळ. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, तू अजून गेली नसशील तर लाज वाटू दे थोडी. जाताना पट्टी घेऊन जा. आवडलेल्या पानाचा समास मोज, ओळी मोज, फोटोने किती जागा घेतलीय ते मोज. ज्या किर्लोस्कर रोडवरून तू जातेस, त्या घराण्याचं सायकलचं दुकान १८८८ साली बेळगावातच निघालं, आणि पुढे किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं तेव्हा संपादक स्वतः चित्रकार होता. त्याचे जुने अंक कुठं सापडले तर शब्द वाचू नकोस, नुसती पानं उलटत जा.

राहिलं सॉफ्टवेअर. कॅनव्हा येतंय ना, मग कॅनव्हा, पण टेम्प्लेट न घेता कोऱ्या पानावर. फुकटातलं जरा पक्कं हवं असेल तर स्क्रायबस, नवीन आवृत्ती घे, जुनीत मराठी जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइन मिळत असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवड, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातील. मात्र त्याआधी प्रेसवाल्याला एक विचार: तुम्ही पीडीएफ घेता की पान पुन्हा लावता? बऱ्याच प्रेसमध्ये अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फाँट चालतात, तुझा युनिकोड मजकूर तिथं टाकला की चौकोन दिसतात, मग कुणीतरी घाईत रूपांतर करतं आणि सगळे र्‍ह आणि ऱ्य बिघडतात. तेव्हा फाँट आत बसवलेली पीडीएफच द्यायची, आणि एका पानाची छापील प्रत बघितल्याशिवाय पुढची छापू द्यायची नाहीत.

प्राचार्यांचा फोटो शुभेच्छांच्या पानावर जातो, फीचरमध्ये नाही. हे सरांना तू तोंडाने सांगू नकोस, डमी पुढे ठेव. त्यात चौकोन आखलेले असतील, शब्द मोजलेले असतील, कन्नडची चौकट भरलेली असेल, आणि पान ३ वर पेन्सिलीने ‘प्राचार्य’ असं लिहिलेलं असेल. ते बहुतेक एवढंच विचारतील, की २६ वं पान कवितेला का दिलं.